मुरदाडशिंग

शनिवारी दोनला फौंड्री सुटते.
उद्यमबागेतनं सायकल मारत मी वडगावात येतो,
तेजूच्या पार्लरला, मागच्या दारानं.
पुढं एक नवरी बसलेली असते, उद्या हळद;
तिच्या नजरेला आज आम्ही पडायचं नाही.

तेजू विचारते, तोंड धुऊन आलास काय?
धुतलं, खरं निघत नाही.
कानामागच्या काजळीवर ती बोट फिरवते, राहू दे म्हणते,
हे फुकटचं आहे.

आधी पांढरं. कपाळ, गाल, ओठसुद्धा.
ओठ गेले की माणूस निम्मा जातो.
मग डोळ्यांच्या खाचा.
मग हनुवटीपासनं कानापर्यंत टाके,
तुटलेला धागा सांधावा तसे, श्वास धरून.
घरात चार माग होते तिच्या. दोन विकले.
उरलेले भिंतीपलीकडं, खटाक खट, खटाक खट,
आणि त्याच ठेक्यावर दस्तगीर पुटपुटायला लागतो
मसणवटवाल्यांचं जुनं गाणं,
पुरलेला माणूस घरी येतो
आणि त्याच्या ताटात दुसराच कोणतरी जेवत असतो, ते.

निपाणीला जायचं. वर्षातनं एकदा.
तंबाखूची बंद वखार, भिंतींना अजून तिखट वास,
त्यामुळं दारातच सगळे शिंकतात.
चारशे मुडदे एकदम शिंकताना मी पाहिलेत.
कोणतरी सवयीनं म्हणतं, सत्य आहे.

गोकाकचे येतात गिरणीतल्या सुताचे केस लावून.
संकेश्वरच्या तिघी, घोंगडी आणि गळ्यात मिरच्यांच्या माळा,
त्यांच्या जवळ नाचलं की डोळे खरेच रडतात.
खानापूरचा एक जण दरवर्षी नवरदेव होतो,
मुंडावळ्या, अर्धं तोंड कवटी.
का, ते विचारायचं नाही.
आमच्यात नियम असला तर हा एकच.

एक कडवं मराठी, एक कन्नड,
शिव्या दोन्हीतल्या.
कुणाच्या पाटीला कुणी काळं फासलं होतं,
कुणाची बस कुणी अडवली होती,
पांढऱ्याखाली काही कळत नाही.
बसलिंग माझ्या खांद्यावर चढून ओरडला
आणि त्याच्या घामानं माझा डावा गाल धुऊन नेला.

पहाटे तीनला हत्तरगीच्या नाक्यावर गाडी अडवली.
हवालदार. टॉर्च एकेकाच्या तोंडावर.
मारिगि एन हच्चगोंडीरी?
मारी म्हणजे त्यांच्यात तोंड.
आमच्यात मरी म्हणजे गावं ओस पाडणारी बाई.
दस्तगीरनं हसू दाबलं, टाके सुटले.

उतरा म्हणाला. उतरलो.
नवरीच्या वहीतली दोन पानं तेजूच्या हातात होती,
सकाळी सातला तिला मेंदीला पोचायचं होतं,
ती काही बोलली नाही.
काय लावता? परत विचारलं, आता मराठीत.
झिंक, मी म्हणालो. नुसतं झिंक.
त्यानं टॉर्च काखेत धरली.
नुसतं झिंक लावलं तर फुटतं रे,
आधी एरंडेल. मग मुरदाडशिंग, थोडं.
आमचा बाप दोड्डाटात राक्षस करायचा,
रात्रभर नाचला तरी तोंड हलायचं नाही.

(मुरदाडशिंग. नावातच मुडदा,
आणि आम्हाला इतकी वर्षं माहीत नव्हतं.)

मग अंगठा जिभेला लावून
त्यानं माझी उजवी भुवई वर ओढली, कानाकडं.
खाली पडलेली भुवई माणसाची, म्हणाला.

जावा.

गाडी सुरू झाली तसा काचेवर टकटक केलं.
आम्हाला वाटलं, आता कागद मागणार.
त्यानं मागं नाक्याकडं बघून घेतलं,
आवाज बारीक केला:
तिकीट केवढं असतंय?